बायसेंटेनियल मॅन: माणूस ठरायला मरावंच लागतं का?

कोरा_कागद

'बायसेंटेनियल मॅन' (१९९९, दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, अँड्र्यू झालाय रॉबिन विल्यम्स) पाहिलेल्यांसाठी हा धागा. न पाहिलेल्यांनी पुढे आपल्या जबाबदारीवर वाचावं, शेवट फुटणार आहे.

अँड्र्यू म्हणजे मार्टिन कुटुंबाने घरकामाला आणलेला एनडीआर-११४ जातीचा रोबोट. लाकडात कोरीवकाम करायला लागतो, स्वतःच्या कमाईतून स्वातंत्र्य मागतो, मग चेहरा, कातडी, अवयव असं एकेक मिळवत जातो. शेवटी जागतिक काँग्रेससमोर अर्ज करतो की मला माणूस म्हणा. उत्तर येतं, अमर यंत्र आम्हाला चालेल, अमर माणूस चालणार नाही. मग गडी स्वतःच्या शरीरात असा बदल करून घेतो की म्हातारपण येईल आणि मरण येईल. दोनशे वर्षांचा होऊन मरतो, आणि 'माणूस' हा शिक्का बसल्याची घोषणा व्हायच्या काही क्षण आधीच मरतो.

प्रश्न असा: हा शेवट पटतो का? माणूसपणाची परीक्षा मरणावर आणून ठेवणं ही लेखकाची पळवाट वाटते. आणि मूळ कथेत नेमकं काय आहे, हे वाचलेल्यांनी सांगा.

मुद्दा_काय

पटत नाही. मरायचंच होतं तर प्लग काढायचा. एवढी सव्वादोन तासांची वायरिंग कशाला?

गवतीचहा

मूळ कथा आयझॅक असिमॉव्हची, १९७६ ची. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती त्या निमित्ताने लिहिलेली, नावातलं 'बायसेंटेनियल' तिथून आलंय. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. पुढे रॉबर्ट सिल्व्हरबर्गबरोबर तिची कादंबरी केली, 'द पॉझिट्रॉनिक मॅन'. चित्रपटाने दोन्हींतून घेतलंय.

मोठे फरक सांगते. पोर्शिया आणि प्रेमप्रकरण चित्रपटाचं. मूळ कथेत अँड्र्यूचं जिच्यावर जीव लावणं आहे ती लिटिल मिस, घरातली धाकटी मुलगी, आणि ते नातं शेवटपर्यंत तसंच राहतं. चित्रपटात एम्बेथ डेव्हिड्ट्झ मोठी लिटिल मिसही आहे आणि तिची नात पोर्शियाही. लाकडी घोडा चित्रपटाचा, कथेत तिच्यासाठी तो लाकडाचं पदक कोरतो. आणि कथेत घोषणा त्याच्या हयातीत होते. दोनशेव्या वाढदिवसाला कायद्यावर सही होते, तो स्वतः ऐकतो, नंतर मरतो. घोषणेआधी मारणं हा रुमाल ओले करायचा धंदा आहे.

निळी_परी

घोषणेआधी मेला म्हणूनच तर सुंदर आहे! त्याला शिक्क्याची गरजच उरली नव्हती.

गवतीचहा

निळी परी, मग अर्ज कशाला केला होता? :)

काळा_डगला

कथेतला सगळ्यात भारी भाग चित्रपटात आलाच नाही, तो कोर्टाचा आहे.

अँड्र्यूचे वकील एक उलटा दावा लढवतात. एका माणसाचं हृदय कृत्रिम आहे. दावा असा की त्याच्या शरीरात यंत्र आहे, म्हणून तो माणूस नाही, म्हणून त्याचं देणं फेडायचं बंधन आमच्यावर नाही. वकील हा दावा जीव तोडून लढवतात आणि पायरीपायरीने हरतात. हरायचंच असतं त्यांना. पण असं हरायचं, की निकालात 'अवयव कृत्रिम असला तरी माणूस माणूसच' हे शक्य तितक्या रुंद शब्दांत लिहून यावं. मग वरच्या कोर्टात जाऊन पुन्हा हरायचं, म्हणजे तेच वाक्य आणखी पक्कं. जिंकण्यापेक्षा नीट हरणं अवघड असतं, हे कोर्टात बसणाऱ्या कुणालाही विचारा.

हे करून झाल्यावर अँड्र्यू आणि माणूस यांच्यात एकच फरक शिल्लक राहतो. मेंदू. त्याचा मरत नाही, माणसाचा मरतो. बाकी सगळं कायद्याने बाद करून घेतलेलं असतं. म्हणजे धागाकर्त्यांना मरण ही पळवाट वाटते, ती कथेत बाकीचे सगळे दरवाजे एकेक करून बंद केल्यावर उरलेली शेवटची खिडकी आहे. चित्रपटाने दरवाजे दाखवलेच नाहीत, थेट खिडकीतून उडी.

मुद्दा_काय

खिडकीतून उडी तर तो सुरुवातीलाच मारतो, मोठी मुलगी सांगते म्हणून.

काळा_डगला

हाहा, बरोबर. आणि ती उडी असिमॉव्हच्या रोबोटांच्या तीन नियमांना धरून आहे. पहिला नियम, माणसाला इजा करू नको. दुसरा नियम, माणसाची आज्ञा पाळ. तिसरा, स्वतःला जप. दुसरा तिसऱ्याच्या वर.

कथेत याचीच जास्त विखारी आवृत्ती आहे. स्वतंत्र झालेला, कपडे घालायला लागलेला अँड्र्यू वाचनालयाकडे निघालेला असतो. वाटेत दोन टगे भेटतात आणि त्याला स्वतःचे भाग सुटे करायला सांगतात. तो नाही म्हणू शकत नाही. घरातला माणूस वेळेवर पोचतो म्हणून वाचतो. त्यानंतर रोबोटला इजा होईल अशी आज्ञा देण्यावर बंदीचा कायदा येतो. स्वातंत्र्याचा कागद हातात असून आज्ञा मोडता येत नाही, हे खिडकीच्या विनोदापेक्षा जास्त बोचतं.

अर्धी_भाकर

तीन नियमांवरून एक शंका. चित्रपटाच्या शेवटी पोर्शिया गॅलेशियाला सांगते की मला जगवणारी यंत्रं बंद कर, आणि ती करते. गॅलेशिया रोबोट आहे ना? माणसाला इजा करू नये हा पहिला नियम आज्ञेच्या वर आहे. मग तिचा मेंदू तिथेच ठप्प व्हायला हवा होता.

सोल्डर

+१. ही उघडीवाघडी चूक आहे. चित्रपट सुरू होताच अँड्र्यू तिन्ही नियम घरच्यांना रंगीत दिव्यांत दाखवतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत पटकथाकारच ते विसरतो.

निळी_परी

तिला जगवत ठेवणं हीच इजा, असं गॅलेशियाने ठरवलं असेल.

सोल्डर

तसं एकदा मान्य केलं की मग पहिला नियम रबराचा. असिमॉव्हच्या गोष्टी चालतात त्या नियम लोखंडी आहेत म्हणून.

झाकलीमूठ

आपला तात्या विंचू पण माणूसच व्हायला बघत होता की! १९९३, 'झपाटलेला'. रोबोटला दोनशे वर्षं आणि कोर्टकचेऱ्या लागल्या, तात्याने एका मंत्रात शॉर्टकट काढला होता. फक्त लक्ष्याचं शरीर मिळालं नाही. ओम फट् स्वाहा.

अर्धी_भाकर

झाकलीमूठ, तात्या आधी माणूसच होता, त्याला परत व्हायचं होतं. केस वेगळी. पण तो बाहुला रामदास पाध्यांचा, हे नोंदवून ठेवतो. यांत्रिक चेहऱ्याने भाव दाखवण्यात आपल्याकडे त्या घराण्याचा हात कुणी धरत नाही. त्यांचा अर्धवटराव डोळे फिरवतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय ते मागच्या रांगेतल्यालाही कळतं.

मुसळे_मंडळवाले

अवांतराबद्दल माफी. डोळ्यांचा विषय निघालाय म्हणून. गणपतीच्या हलत्या देखाव्यात पापण्या मिटणारा रोबोटचा चेहरा करायचाय, माणसापेक्षा थोडा मोठा. आमच्याकडे सगळं वायपर मोटरवर चालतं. पापणीला वायपर मोटर चालेल का?

सोल्डर

मुसळेसाहेब, वायपर मोटर मान हलवायला, हात वर-खाली करायला ठीक. पापणीला नको. ती एका गतीने गोल फिरते, त्यामुळे पापणी जितक्या वेळात मिटेल तितक्याच वेळात उघडेल. खरी पापणी तशी नसते. मिटते झटकन, उघडते जरा सावकाश, आणि मधे तीन-चार सेकंद काहीच होत नाही. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. सारख्या अंतराने मिटल्या तर बघणाऱ्याला मिठाच्या खड्यासारखं टोचत राहतं.

सर्व्हो घ्या, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर. निळी ९ ग्रॅमवाली एसजी ९० सगळीकडे मिळते, पण तिच्या आतल्या दातेरी चकत्या प्लॅस्टिकच्या. हिशेब करा: मिनिटाला १५, रोज ५ तास, १० दिवस. ४५,००० वेळा पापणी मिटणार. सहाव्या-सातव्या दिवशी दाते झिजले तर भर गर्दीत एक डोळा मारत बसेल. धातूच्या चकत्यांची एमजी ९० एस घ्या, आकार जवळपास तोच.

डोळ्याला टेबल टेनिसचा चेंडू, ४० मिमी. माणसाचं बुबुळ-बिबुळ धरून सगळा गोळा २४ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे तुमचा चेहरा पावणेदोन पट तरी हवा. नाहीतर बेडूक दिसेल. पापणी म्हणजे ५० मिमीच्या पोकळ प्लॅस्टिक चेंडूची कापलेली वाटी, दोन्ही कानांना खिळ्यावर टेकवलेली. दोन डोळ्यांना वर-खाली मिळून चार पापण्या, शिवाय बुबुळं डावी-उजवी आणि वर-खाली न्यायला दोन. एकूण सहा सर्व्हो.

चालवायला आर्डुइनो (प्रोग्राम भरायचा छोटा बोर्ड) आणि बऱ्याच सर्व्होंना एकदम इशारे देणारी पीसीए ९६८५ ची पाटी. ५० हर्ट्झवर ठेवा. एक चक्र २० मिलिसेकंदांचं आणि पाटी त्याचे ४०९६ तुकडे करते, म्हणजे १ मिलिसेकंदाला साधारण २०५, २ ला ४१०, मधोमध ३०७. टोकाचे आकडे आधी देऊ नका. ३०७ वर ठेवून मगच सर्व्होचा दांडा बसवा आणि तिथून दहा-दहाने सरकत बघा. पापणी खोबणीला टेकल्यावरही सर्व्हो ढकलत राहिली तर तापते आणि जळते.

आता नेहमी घोटाळा होतो तो. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवरून सर्व्हो चालवायच्या नाहीत. अडकलेली एक सर्व्हो पाऊण अँपिअरपर्यंत ओढू शकते, सहांचे चार-साडेचार झाले. यूएसबीतून अर्धा अँपिअर येतो. होतं काय, सगळ्या पापण्या एकदम मिटतात, व्होल्टेज बसतं, आर्डुइनो पहिल्यापासून सुरू होतो, परत पापण्या मिटतात. लोकांना वाटतं प्रोग्राम चुकला. ५ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची डबी), त्याच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि दोन्हींचं ग्राउंड एकत्र.

पेटीकस

सोल्डरभाऊंच्या यादीत एक भर. वर कातडी लावायची असेल तर प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन, ए आणि बी भाग समसमान. पण हातात लेटेक्सचे मोजे घालून कालवलं तर ते घट्ट होतच नाही, चिकट राहतं. गंधकवाल्या मातीवर ओतलं तरी तेच. नायट्राइलचे मोजे आणि गंधक नसलेली माती. पापणीवरचा थर २ मिमीच्या आत, नाहीतर सर्व्हो ओढेल आणि कातडी सोडणार नाही.

मुळात रोबोट आहे तर कातडी लावूच नका. अर्धवट माणसासारखं दिसलं की लोक दचकतात. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७० मध्ये हेच मांडलं: यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की आवडत जातं, आणि अगदी जवळ पोचलं की एकदम किळस येते, मग पुढे पुन्हा चढ. त्या खड्ड्याला त्याने दरी म्हटलं. 'बायसेंटेनियल मॅन'ने ही दरी कशी ओलांडली बघा. पहिला तासभर सरळसरळ धातूचा चेहरा, मग थेट रॉबिन विल्यम्स. मधली पायरीच नाही. पुढे त्याला म्हातारा करणाऱ्या रंगभूषेला ऑस्करचं नामांकन होतं.

निळी_परी

पापण्यांवरून 'ए.आय.' (२००१, स्पीलबर्ग) आठवायलाच हवा. तिथे डेव्हिड हा रोबोट-मुलगा झालेला हेली जोएल ऑस्मेंट पापण्या मिटतच नाही. ना सर्व्हो ना सिलिकॉन, एका पोराने एवढंच केलं आणि पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हे मूल नाही. मुसळे, तुमचा निम्मा खर्च वाचला.

आणि रोबोटने माणूस होण्यावरचा खरा चित्रपट मला 'ए.आय.'च वाटतो. तो प्रकल्प मुळात दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकचा, ब्रायन आल्डिसच्या १९६९ च्या कथेवरून. १९९९ मध्ये कुब्रिक गेला, मग स्पीलबर्गने हातात घेतला. डेव्हिडला माणूस व्हायचंय ते कायद्यासाठी नाही, आईने जवळ घ्यावं म्हणून. आई सात शब्द एका ओळीने उच्चारते आणि त्याची माया तिच्यावर कायमची पक्की होते. ती परत पुसता येत नाही. नको झाला तर कंपनीला परत देऊन नष्ट करायचा. हे अँड्र्यूच्या दोनशे वर्षांपेक्षा भयंकर आहे.

मुद्दा_काय

आणि शेवटी एलियन येतात.

निळी_परी

एलियन नाहीत ते!!! दोन हजार वर्षांनंतरचे रोबोट आहेत. माणूस संपलाय, आणि ज्याने माणसं प्रत्यक्ष पाहिलीत असा डेव्हिड त्यांना बर्फात सापडतो. कितीदा सांगायचं.

मुद्दा_काय

बरं बरं. बारीक उंच रोबोट.

गवतीचहा

निळी परीच्या मुद्द्यावरून आठवलं, 'रोबोट' हा शब्दच चाकरीचा आहे. कारेल चापेकच्या नाटकातून आला, १९२१ साली प्रागमध्ये रंगमंचावर आलं. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे सक्तीची मजुरी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. यंत्रमानव वगैरे जड शब्द घडवण्यापेक्षा वेठ्या म्हटलं असतं तरी चाललं असतं. अँड्र्यूची पहिली मागणी स्वातंत्र्याची आहे, माणूसपणाची नाही, ते म्हणूनच बरोबर वाटतं.

सोल्डर

जाता जाता, असिमॉव्हच्या रोबोटांचा 'पॉझिट्रॉनिक' मेंदू ही निव्वळ नावाची गंमत. पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा, १९३२ मध्ये सापडला, नवाकोरा शब्द होता, असिमॉव्हने उचलला. प्रत्यक्षात तो इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि ५११ केईव्हीचे दोन गॅमा किरण उलट दिशांना सुटतात. शरीरात पॉझिट्रॉन सोडणारं औषध टोचून काढतात तो पेट स्कॅन यावरच चालतो. म्हणजे पेट स्कॅनला झोपलेल्या माणसाचा मेंदू तेवढ्यापुरता खराच पॉझिट्रॉनिक असतो.

काळा_डगला

कायद्याकडे परत येतो, कारण यात आपल्याकडची एक मजा आहे. 'माणूस नसलेल्याला कायद्याने व्यक्ती मानणं' हे आपल्याला मुळीच नवं नाही. देवाची मूर्ती ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) मलिक घराण्याच्या खटल्यात ते स्पष्ट म्हटलं. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरु ग्रंथ साहिबालाही तसं मानलं. देवस्थान इनामाच्या जमिनीचा सातबारा काढून बघा, मालक म्हणून देवाचं नाव असतं, आणि पुजारी असतो तो वहिवाटीपुरता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या प्रकरणात पुन्हा तेच सांगितलं, मालकाच्या रकान्यात देवच हवा.

गंगा-यमुनेलाही उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये व्यक्ती ठरवलं होतं, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यातली अडचण बघण्यासारखी आहे. व्यक्ती म्हटलं की तिच्यावर दावाही लावता येतो. पुरात शेत वाहून गेलं तर नुकसानभरपाई कुणी द्यायची, नदीने?

आता अँड्र्यू. बँकेत खातं, मालमत्ता, दावा लावायचा हक्क, एवढंच हवं असतं तर आपल्या कायद्याने त्याला सातबाऱ्यावर सहज बसवलं असतं. पण देवाच्या वतीने कुणीतरी वहिवाटदार उभा राहतो. मूर्ती स्वतः कोर्टात बोलत नाही, मत देत नाही, लग्न नोंदवत नाही. अँड्र्यूला नेमकं तेच हवंय, मधला वहिवाटदार नको. म्हणून त्याचा अर्ज 'व्यक्ती' म्हणा असा नाही, 'माणूस' म्हणा असा आहे. चित्रपटात तर तो पोर्शियाशी लग्नालाही मान्यता मागतो.

झाकलीमूठ

आपल्याकडे २०१० च्या 'रोबोट'मध्ये चिट्टी या रोबोटला कोर्टाने काय दिलं? स्वतःचे नटबोल्ट स्वतःच खोल, असा आदेश. आणि तो खोलतो पण. रजनीकांत असून!

अर्धी_भाकर

काळा डगला यांनी वर सांगितलेल्या दोन टग्यांची आज्ञा आणि चिट्टीच्या कोर्टाची आज्ञा एकच आहे की. फक्त इथे टग्यांच्या अंगावर डगला आहे. (तुम्हाला नाही म्हणत.)

काळा_डगला

भावना पोचल्या.

कोरा_कागद

चर्चा छान चाललीय, पण माझा मूळ प्रश्न पापण्यांत आणि सातबाऱ्यात अडकला. दरवाजे-खिडकीचा मुद्दा पटला. तरी एक राहतं: तिसरा नियम स्वतःला जपायला सांगतो. मग स्वतःचं मरण तो ओढवून कसं घेऊ शकतो? आज्ञा तर कुणी केलेली नाही.

गवतीचहा

याचं उत्तर कथेत आहे. अँड्र्यू म्हणतो, मला शरीराचं मरण आणि इच्छांचं मरण यांतलं एक निवडायचं होतं. शरीर राखून इच्छा मारल्या असत्या तर तेच तिसऱ्या नियमाविरुद्ध गेलं असतं. म्हणजे नियम मोडला नाही, 'स्वतः' या शब्दाचा अर्थ बदलला.

आणि आता जे सांगायचं राहिलं होतं ते. कथा सुरू होते ती शेवटाजवळच्या प्रसंगाने. अँड्र्यू एका शल्यविशारदासमोर बसलाय, त्याला एक शस्त्रक्रिया करून घ्यायचीय. काय शस्त्रक्रिया ते आपल्याला तेव्हा कळत नाही. शल्यविशारद रोबोट आहे, आणि तो नकार देतो, कारण यात इजा आहे आणि माणसाला इजा करता येत नाही. त्याला अँड्र्यू माणूसच वाटतोय. बोलणं, कपडे, चेहरा, कशातच फरक नाही. मग अँड्र्यूला सांगावं लागतं की मीसुद्धा रोबोट आहे. तेव्हा कुठे सुरी चालते.

पुढे सगळी कथा वाचून झाल्यावर कळतं की ती शस्त्रक्रिया मरण आणणारी होती, माणूस ठरण्यासाठीची. म्हणजे दीड-दोनशे वर्षं धडपडून एका यंत्राने त्याला विनाअर्ज, विनाकोर्ट माणूस मानलं, आणि त्याच क्षणी माणसांकडून तो शिक्का मिळवण्यासाठी त्याला तोंडाने 'मी रोबोट' म्हणावं लागलं. कोरा कागद, मला मरणापेक्षा ही कबुली मोठी वाटते. चित्रपटाने तो प्रसंग टाकून दिला आणि त्याजागी व्हायोलिन लावलं.

कोरा_कागद

हे माहीत नव्हतं. मग चित्रपट पाहून पळवाट वाटली ती माझी चूक नाही म्हणायची, कबुलीच गाळली तर नुसतं मरण उरतं. कथा मिळवून वाचतो.

निळी_परी

मला अजूनही घोषणेआधीचं मरण आवडतं. हे माझं शेवटचं पोस्ट.

मुसळे_मंडळवाले

सगळं वाचलं. सर्व्हो धातूच्या चकत्यांच्याच घेतो, कातडी रद्द. ते दोन्हींचं ग्राउंड एकत्र म्हणजे आर्डुइनोची आणि एसएमपीएसची काळी वायर जोडायची ना? आणि मंडपात जनरेटर आहे, त्याने काही होईल का?

सोल्डर

हो, काळीला काळी. एसएमपीएसला उणे चिन्ह असतं ते आणि आर्डुइनोचं जीएनडी. ती वायर नसली तर पापण्या नुसत्या थरथरतात, हिवताप आल्यासारख्या. जनरेटरवरून आरतीच्या वेळी दिवे-स्पीकर एकदम चालू-बंद होतात तेव्हा झटका येतो, म्हणून आर्डुइनोला वेगळा छोटा अ‍ॅडॅप्टर द्या. पाटी ते आर्डुइनो वायर वीतभरच ठेवा, स्पीकरच्या वायरीबरोबर बांधू नका.